बंद खाणीची सहल

सहल मी ठरवली होती, हे खरं आहे. पण खाणीत उतरवण्याचं मी ठरवलं नव्हतं. ते त्या ट्रॅव्हल्सवाल्याने सांगितलं होतं, आमच्या घरी बसून, चहा पीत, तीन वेळा. हे आधीच लिहिते, कारण दिवाळीपासून नात्यागोत्यात एकच वाक्य ऐकते आहे : "तू तं मास्तरीण हायेस, तुले आधी पाहता नाही आलं काय?"

मी विज्ञान शिकवते. १९६५ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खोल उपकरणं लावली आणि वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनोंची नोंद केली. ती जागा मला माझ्या मुलांना दाखवायची होती. मुलाच्या डोक्यात त्या खाणींवरचा सिनेमा होता, सासूबाईंना कोटिलिंगेश्वराचं दर्शन हवं होतं. सोयाबीनचे पैसे हाती आले होते. पाच जणांचे ६२,५०० रुपये ठरले. ३०,००० आगाऊ दिले, बाकीचे निघायच्या आदल्या दिवशी.

"लिफ्टने खाली नेतात, काकू. डोक्यावर टोपी देतात, बॅटरी देतात. फक्त चप्पल चालत नाही," असं तो सासूबाईंना म्हणाला. म्हणून त्यांनी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा बूट घेतले. निळे, कापडी. घरातल्या घरात दोन दिवस घालून चालण्याचा सराव केला.

वाशिमहून काचीगुडा, पुढे बंगळूर, आणि तिथून गाडीने जवळपास शंभर किलोमीटर. खाणीच्या फाटकाशी उतरलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. आत गंजलेला लोखंडी मनोरा, वर दोर ओढणारी मोठी चाकं, भोवती झुडपं. ना तिकिटाची खिडकी, ना रांग. पहारेकऱ्याने आम्हाला नीट पाहिलं आणि हिंदीत म्हणाला, "अम्मा, ये तो दो हजार एक से बंद है. अंदर पानी भरा है."

मी म्हटलं, आमचं बुकिंग आहे. त्याला दाखवायला मोबाइल उघडला. ट्रॅव्हल्सवाल्याने खाणीच्या लिफ्टबद्दल पाठवलेले दोन्ही व्हॉइस मेसेज होते त्या जागी 'हा मेसेज डिलीट केला गेला' एवढंच होतं. त्या क्षणी मला कळलं. खाण बंद आहे हे त्याला माहीत होतं आणि आपण कधी फाटकाशी पोचणार हेही माहीत होतं. चूक झालेला माणूस फोन करून सांगतो, तो मेसेज पुसत बसत नाही.

फोन लावला. चौथ्यांदा उचलला. "ताई, मी बाहेरून दाखवू असंच म्हणालो होतो. तुमचा ऐकण्यात फरक झाला." यांनी फोन हातात घेतला तर आवाज चढवून म्हणाला, "पावतीवर लिहिलंय का?" पावतीवर खरंच फक्त 'बंगळूर-कोलार सहल' लिहिलं होतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. गाडीत बसून त्यांनी बूट काढले आणि पिशवीत घातले.

तेवढ्यावरही थांबलं नाही. ड्रायव्हरने परस्पर एका दुकानात नेलं. "हे इथल्या खाणीचंच सोनं," असं सांगून सासूबाईंना पोतीत ओवायला एक मणी दिला, पावणेदोन ग्रॅमचा. आमच्या नेहमीच्या सोनाराने घरी आल्यावर तो तपासला. सांगितलेल्या कॅरेटपेक्षा बराच कमी निघाला.

आता ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी.

कोलार गोल्ड फील्ड्सला जरूर जा, पण काय दिसतं ते आधी समजून घ्या. जॉन टेलर कंपनीने १८८० मध्ये काम हाती घेतलं आणि शेवटी चॅम्पियन रीफ खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. शिवनसमुद्रची वीज १९०२ मध्ये इथे आली. आज बाहेरून मनोरे दिसतात, इंग्रजांचे बंगले दिसतात आणि खाणकामगारांच्या एका खोलीच्या चाळी दिसतात. तिथल्या एका म्हाताऱ्या कामगाराने मुलांना तळच्या उष्म्याबद्दल आणि अचानक फुटणाऱ्या खडकाबद्दल जे सांगितलं, ते कुठल्याही लिफ्टपेक्षा मोलाचं होतं. बंगारपेटहून खाणींजवळच्या मारिकुप्पमपर्यंत रेल्वेने जाता येतं. कोटिलिंगेश्वर जवळच आहे.

पांढऱ्या टेकड्यांवर मुलांना चढू देऊ नका. ती माती नाही, सायनाइडने सोनं काढून घेतलेल्या दगडाचा चुरा आहे. वारा सुटला की डोळ्यात आणि नाकात जातो. माझा मुलगा फोटोसाठी चढला आणि रात्रभर खोकला.

तोंडी कबुलीवर पैसे देऊ नका. काय दाखवणार, आत की बाहेरून, ते पावतीवरच लिहून घ्या. व्हॉइस मेसेज आला की त्याच दिवशी दुसऱ्या मोबाइलवर पाठवून ठेवा, लिखित मेसेजचा स्क्रीनशॉट काढा. पैसे रोख देऊ नका. पूर्ण रक्कम निघण्याआधी तर मुळीच नाही.

दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. म्हणूनच प्रवाशांच्या गळ्यात असे मणी मारतात. प्रवासात सोनं घेऊच नका. घेतलंच तर दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांक बीआयएस केअर ॲपवर तिथल्या तिथे तपासा.

फसलात तर गप्प बसू नका. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मी वाशिमला अर्ज केला आहे. निकाल लागायचा आहे.



मला 'आधी पाहायला हवं होतं' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते : घरी येऊन, चहा पिऊन, म्हातारीला बूट घ्यायला लावणाऱ्या माणसावर विश्वास ठेवणं हा माझा गुन्हा नाही. ती खाण २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाली. आमच्याकडून तिचे पैसे घेतले गेले ते त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळाने. पावती मी जपून ठेवली आहे. सासूबाईंचे बूटही.