उतारवयातील धावण्याचा आरंभ आणि अर्धशक्तीचा विचार

यवतेश्वर घाटात २०१२ पासून भरणाऱ्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनमुळे धावणे हा आपल्याकडे घरोघरीचा विषय झाला आहे. पन्नाशी-साठी उलटलेले रुग्णही ‘वैद्यराज, आता सुरुवात केली तर चालेल ना?’ असे विचारतात. गुडघे पाहून ‘चालेल’ म्हणणे सोपे असते. आम्हीही एकदा तसेच म्हटले होते.

सत्तावन्न वर्षांचे एक निवृत्त गृहस्थ संधिशूलासाठी आमच्याकडे येत. महायोगराज गुग्गुळ व अभ्यंगाने उपशय मिळाला, त्यांनी धावणे आरंभिले. पुढे छातीत जळजळ होते म्हणाले. अम्लपित्त समजून आम्ही पंधरा दिवस अविपत्तिकर चूर्ण दिले. चढ लागला की जळजळ होते व थांबताच शमते, हे आम्ही विचारलेच नव्हते. त्यांच्या पत्नीने सांगितले. त्याच दिवशी हृद्रोगतज्ज्ञांकडे पाठविले. रक्तवाहिनीत अवरोध आढळला. वेळीच उपचार झाले. तथापि तो पंधरवडा आमच्या विस्मरणात जात नाही.

सुश्रुताचार्यांनी वय, बल, शरीर, देश, काल व आहार पाहून व्यायाम करण्यास सांगितले आहे. म्हणून प्रथम रक्तदाब, रक्तशर्करा, कुटुंबातील हृद्रोगाचा इतिहास आणि श्रमासमयीची लक्षणे पाहावीत. आवश्यक तेथे ईसीजी व तणाव चाचणी करून घ्यावी.

काल हा मुद्दा तर सर्रास दुर्लक्षित होतो. स्पर्धा सर्वसाधारणपणे पावसाळ्याच्या अखेरीस येते, त्यामुळे नवखे लोक आषाढात सराव आरंभतात. अग्नी मंद, वात प्रकुपित, वय वाताचे, आणि त्यात घाटाचा उतार! गुडघ्यांना चढापेक्षा उतारच अधिक बाधतो. वाग्भटांनी अर्धशक्ती व्यायाम शीतकाल व वसंतात सांगितला असून इतर ऋतूंत त्याहूनही कमी. तेव्हा मार्गशीर्षात सपाट मैदानावर आरंभ करावा: एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे, एकूण वीस मिनिटे, एक दिवसाआड. घाट पुढच्या वर्षी.

कपाळ, नाक व काखेत घाम, मुखशोष आणि तोंडाने श्वास ही अर्धशक्तीची लक्षणे रुग्णास समजत नाहीत असे नाही, पण घड्याळाकडे पाहताना तो ती विसरतो. आम्ही सांगतो, सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येईनासे झाले की चालू लागा.

औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती. धावण्यापूर्वी वेदनाशामक गोळी मागणाऱ्या ज्येष्ठास ती सहज देऊ नये. घामाने जलक्षय झालेल्या, त्यातून रक्तदाबाची औषधे चालू असलेल्या शरीरात तिने वृक्कांस इजा होऊ शकते. मधुमेहाच्या काही गोळ्या वा इन्सुलिन घेणाऱ्यास धावताना शर्करा एकाएकी उतरू शकते. त्याने खिशात साखर बाळगावी. अश्वगंधा मागितली तरी छातीविषयी एक प्रश्न अवश्य विचारावा.

आमचे ते गृहस्थ आता हृद्रोगतज्ज्ञांच्या अनुमतीने रोज सकाळी चालतात. धावण्याविषयी त्यांनी पुन्हा विचारले आहे. आम्ही तूर्त हेमंतापर्यंत थांबण्यास सांगितले आहे.