लकव्यानंतर डोळा मिटत नाही

प्रश्न : आईला चेहऱ्याचा लकवा होऊन वर्ष झालं. उजवा डोळा अजून मिटत नाही, सारखा टोचतो. ऑपरेशनचा उपयोग होईल का?

उत्तर : हो, नक्की होऊ शकेल. डोळा मिटणारा स्नायू चेहऱ्याच्या नसेवर चालतो. उघडणारा वेगळ्या नसेवर, म्हणून तो शाबूत राहतो. वर्षभरात सुधारणा नसेल तर वरच्या पापणीत सोन्याचं किंवा प्लॅटिनमचं साधारण एक ग्रॅमचं वजन बसवतात. आधी आईंना ताठ बसवून, पापणीवर बाहेरून वेगवेगळी वजनं चिकटवून माप ठरवतात. शस्त्रक्रिया बहुतेक वेळा जागेवरची भूल देऊन होते. डोळा उघडणारा स्नायू सैल सुटला की पापणी वजनाने खाली येते. खालची पापणी लोंबत असेल तर तीही ताणून घेतात.

आडवं झाल्यावर मात्र हे वजन पुरेसं काम करत नाही. त्यामुळे रात्री मलम लावून पापणी टेपने बंद करणं आणि दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, हे डॉक्टर सांगतील तोवर सुरू ठेवा. डोळा लाल झाला, अंधुक दिसू लागलं किंवा बुबुळावर पांढरा डाग आला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका. नजर वाचवायची ती हीच वेळ असते.