बगीचं इंजिन सगळ्यात शेवटी घ्या

पुण्यातल्या धायरी-नऱ्हेच्या पट्ट्यात बगी बांधायला घेतली की मदत शोधायला लांब जावं लागत नाही. लेथ आहे, लेझर कटिंग आहे, पाइप वाकवून देणारा आहे. अडतं ते इंजिनावर, कारण बहुतेक जण सुरुवातच इंजिनापासून करतात. कुणाकडे तरी स्कॉर्पिओचं इंजिन स्वस्तात पडून असतं, ते शेडमध्ये येतं आणि मग पुढची दोन वर्षं सगळी गाडी त्या इंजिनाची मर्जी सांभाळत बसते. खडकावर चढणाऱ्या गाडीला हा क्रम उलटा लागतो.

1. आधी वजन आणि टायर ठरवा. दोन माणसांची, जिप्सीच्या एक्सलवर बसवलेली, पाइपच्या सांगाड्याची बगी माणसांसकट साधारण 1000 किलोत बसते. महिंद्राचे जीपचे एक्सल घेतले की वजन वाढतं आणि मग सगळंच जाड लागतं. टायर 30 इंची धरा. पहिल्या बगीला त्याहून मोठे नकोत. मोठा टायर लावला की तेवढं गिअरिंग हातचं जातं.

2. ताकद चाकाशी मोजा, इंजिनाशी नाही. हा हिशेब कागदावर कराच. 1000 किलोची गाडी 45 अंशांच्या कातळावर नुसती धरून ठेवायला साधारण 6,900 न्यूटन जोर लागतो. 30 इंची टायरची त्रिज्या 0.38 मीटर, म्हणजे चारही चाकांवर मिळून 2,600 न्यूटन-मीटरच्या वर टॉर्क हवा. दगडाची पायरी चढायची तर त्याहूनही जास्त.

आता जिप्सीचं 1298 सीसीचं इंजिन घ्या. कमाल टॉर्क 103 न्यूटन-मीटरच्या आसपास, पण तो 4500 आरपीएमला. आपण चढणार 1500 ला. तिथे 80 धरू. फर्स्ट गिअर, लो-रेंज आणि डिफरन्शियल यांचा गुणाकार जवळजवळ 32. घर्षणात 15 टक्के गेले असं धरलं तर चाकाशी 2,180 च्या आसपास उरतात. कमी पडले. अॅक्सिलरेटर दाबून 4500 ला नेलंत तर आकडा जेमतेम जुळतो, पण तेव्हा तुम्ही कातळावर ताशी 20 किलोमीटरने जात असाल. मग काहीतरी तुटतं, नाहीतर गाडी उलटते.

इथे नव्वद टक्के लोक मोठं इंजिन शोधायला निघतात. त्याऐवजी ट्रान्सफर केस बदला. जिप्सीचं भावंड असलेल्या सुझुकी सामुरायसाठी परदेशात 4.16 चे लो-गिअर मिळतात. मूळ लो 2.268 आहे. तेवढ्या एका बदलाने 32 चे 59 होतात, चाकाशी 4,000 न्यूटन-मीटर मिळतो आणि आयडलिंगला गाडी ताशी दोन किलोमीटरने सरकते. ब्रेकला हात न लावता उतरायची सोयही त्यातच होते. गिअर मागवणं परवडत नसेल तर दोन ट्रान्सफर केस एकामागे एक जोडणारेही आहेत. लांबी वाढते, काम होतं.

3. आता इंजिनांकडे बघा. 1000 किलोच्या आतल्या बगीला माझं मत सरळ जिप्सीच्या एमपीएफआय इंजिनाला. अॅल्युमिनियमचा ब्लॉक असल्याने हलकं आहे, आणि इंजेक्शन असल्यामुळे गाडी तिरकी झाली तरी पेट्रोल पोचतं. जुनं कार्बोरेटरचं स्वस्त मिळेल, पण फ्लोट चेंबर तिरका झाला की ते एकतर गुदमरतं किंवा ओव्हरफ्लो होतं, तेही नेमकं अर्ध्या चढावर. पर्याय म्हणून ईकोचं 1196 सीसी बघा. ते उभं बसतं, मागच्या चाकांना जोर देतं आणि जिप्सीची ट्रान्सफर केस मुळातच गिअरबॉक्सपासून सुटी असल्याने मधे एक छोटा शाफ्ट टाकला की जमतं.

जड बगीला महिंद्राचं 2523 सीसी डीआय. 1500-1800 आरपीएमलाच 180 च्या आसपास टॉर्क, वायरिंग जवळजवळ नाही, कुठल्याही गावात दुरुस्ती. पण ओतीव लोखंड आहे; उचलायला चेन-ब्लॉक हवा आणि पुढच्या स्प्रिंगांना त्याचा भार कायमचा.

स्विफ्टचं 1248 सीसी डिझेल मोह घालतं: 190 न्यूटन-मीटर! पण तो 2000 आरपीएमला. त्याखाली टर्बो झोपलेला, आणि आपल्याला लागतं ते सगळं त्याखालीच. शिवाय ते आडवं बसतं, गिअरबॉक्स पुढच्या चाकांसाठीचा. सोडून द्या. छोट्या हत्तीचं 702 सीसी एकट्या माणसाच्या बगीला चालेल, हादरे सहन होत असतील तर. बाहा या बगीच्या स्पर्धेत कॉलेजची मुलं जे 10 हॉर्सपॉवरचं ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन वापरत आली ते चिखलाला छान. खडकावर अडकून जोर लावत बसलं की त्याला जोडलेल्या सीव्हीटीचा बेल्ट तापतो.

4. इंजिन सुटं घेऊ नका, संच घ्या. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, वायरिंग, ईसीएम, शक्यतो एकाच गाडीतून. इमोबिलायझर असेल तर किल्लीसुद्धा. लेझर कटिंग गल्लीत असल्यामुळे अडॅप्टर प्लेट कापून घेणं सोपं वाटतं. प्लेट कापणं सोपंच आहे; इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा मध्य 0.13 मिलिमीटरच्या आत जुळवणं सोपं नाही. तेवढा साधला नाही तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग आणि क्लच प्लेट थोड्याच दिवसांत जातात.

5. बाजारात तपासून घ्या. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे हत्यारं, पुली, सटरफटर मिळेल. इंजिनासाठी भंगारात निघालेली अख्खी गाडी शोधा किंवा कुर्ल्याला जा. इंजिन चालू करून ऑइलचं झाकण काढा. धूर भसाभसा येत असेल तर रिंगा गेल्या. पेट्रोल इंजिनाचं कॉम्प्रेशन 12 ते 14 किलो हवं आणि सिलिंडरांमधला फरक एका किलोच्या आत. इंजिन नंबर घासलेला असेल तर फुकटही घेऊ नका. पावती आणि मूळ गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद फाइलला लावा. घरी बांधलेली बगी रस्त्यासाठी नोंदली जात नाही, त्यामुळे ती ट्रेलरवरूनच न्यायची आणि चालवायची ती मालकाच्या परवानगीने खासगी जागेत. सिंहगडाच्या बाजूच्या वनखात्याच्या डोंगरांवर अजिबात नाही.

6. वेल्डिंगच्या आधी तिरकं करून चालवा. हे जवळजवळ कुणी करत नाही. इंजिन मजबूत स्टँडवर बांधा, ऑइल प्रेशरचं काटेवालं मीटर लावा. डॅशबोर्डवरचा दिवा फार उशिरा पेटतो. रेडिएटर आणि इलेक्ट्रिक फॅन जोडा, कारण खडकावर समोरून वारा मिळत नाही. मग इंजिन पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे 35 अंशांपर्यंत तिरकं करून प्रत्येक बाजूला दोन-दोन मिनिटं चालवा. प्रेशर पडलं तर लगेच बंद करा. ऑइल चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या टाकून घ्या किंवा पिकअपची जागा बदला.

डिझेल असेल तर हवेच्या पाइपात हाताने बंद होणारी झडप बसवाच. गाडी उलटली की ब्रीदरमधून ऑइल आत ओढलं जातं आणि इंजिन त्यावरच पळत सुटतं. चावी काढून ते थांबत नाही, हवा तोडावी लागते. झडपेच्या तारेपर्यंत सीटबेल्ट लावल्यावर हात पोचतो का, बसून बघा. हे सगळं जमलं की मगच इंजिन फाउंडेशनला पूर्ण वेल्ड मारा.