वर्ग हातात येईपर्यंत

डी.एल.एड. किंवा बी.एड. करून शाळेत लागलेली मुलगी दिवाळीच्या सुट्टीत 'मला हे जमणार नाही' म्हणू लागली की घरचे हमखास दोन निष्कर्ष काढतात. हिला शिकवण्याची मुळात हातोटीच नाही, हा एक. आणि हिनं वेळीच दुसरी वाट धरायला हवी होती, हा दुसरा. दोन्ही घाईचे आहेत. नवे शिक्षक अडखळतात ते बहुतेक वेळा विषय कच्चा असल्यामुळे नाही, की स्वभाव मऊ असल्यामुळेही नाही. वर्ग चालवणं हे वेगळं कसब आहे आणि सराव पाठांच्या महिन्यांत ते जेमतेम हाताला लागतं, कारण तिथं वर्ग दुसऱ्याचा असतो, शिस्त त्यानं आधीच लावलेली असते आणि मागच्या बाकावर निरीक्षक बसलेला असतो. हे कसब शिकता येतं. म्हणूनच पहिली नोकरी निवडताना पगार आणि घरापासूनचं अंतर यांच्या आधी, तिथं ते शिकवणारं कोणी आहे का, हे पाहावं असं माझं ठाम मत आहे.

मधल्या सुट्टीनंतरचा सातवीचा गणिताचा तास घ्या. नव्या बाई वर्गात येतात, पाठ फिरवून फळ्यावर तारीख आणि घटकाचं नाव लिहितात. तेवढ्यात दोघं पाणी पिऊन येतात, 'बाई, आत येऊ?' लिहिणं थांबतं. मग तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा उघडून एकेक नाव पुकारून वाटप सुरू होतं. चाळीस मुलांच्या वर्गात यात सात-आठ मिनिटं जातात आणि तेवढ्या वेळात हातात काहीच काम नसलेला मागचा कोपरा पेटतो. बाईंचा आवाज चढतो. बाईंचं गणित उत्तम असेल, पण त्याची पाळीच अजून आलेली नाही. शेजारच्या वर्गातल्या जुन्या बाईंनी एक उदाहरण सुट्टीआधीच फळ्यावर लिहून ठेवलेलं असतं, वह्या रांगेतल्या पहिल्या मुलाकडून मागे जातात आणि उशिरा आलेला न विचारता जागेवर बसतो, कारण ही पद्धत त्यांनी जूनमध्ये मुलांकडून चार-चारदा करून घेतलेली असते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र वाटतं, काय बाईंचा वचक आहे!

हा केवळ अनुभवाचा दाखला नाही. जेकब कूनिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं वर्गांचं चित्रीकरण अभ्यासून 1970 मध्ये एक पुस्तक लिहिलं. मुलांनी दंगा केल्यावर शिक्षक कसे रागावतात, यावरून चांगले आणि वाईट चाललेले वर्ग वेगळे करता आले नाहीत. फरक होता तो दंग्याच्या आधीच्या वागण्यात. संपूर्ण वर्गावर नजर असणं, एका वेळी दोन गोष्टी सांभाळणं, तासाचा ओघ तुटू न देणं. एमर, एव्हर्टसन आणि अँडरसन यांनी 1980 मध्ये वर्षारंभीच्या वर्गांचा अभ्यास मांडला. ज्यांनी सुरुवातीचे आठवडे वर्गाच्या पद्धती शिकवण्यात घालवले, त्यांचे वर्ग पुढं वर्षभर सुरळीत चालले. मेरी बड रो यांचं निरीक्षण तर उद्याच वापरता येईल असं आहे. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद थांबलं तर मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद थांबायला जन्मजात गुण लागत नाही.

यावर जुनी मंडळी म्हणतील, पहिल्याच दिवशी धाक बसवला की सगळं सुरळीत होतं. धाकानं वर्ग गप्प बसतो हे खरं, पण गप्प वर्गात कोणाला काय कळलेलं नाही हेही कळत नाही. शिवाय 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं शारीरिक शिक्षाच नव्हे, तर मानसिक छळालाही मनाई केली आहे. छडी किंवा अपमान यांवर उभी केलेली शिस्त नव्या शिक्षकाला थेट अडचणीत आणते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आपल्या शाळांत नव्याला शिकवायला वेळ कोणाला आहे? पाठ टाचण, हजेरीपट, पोषण आहाराची नोंद, पोर्टलवरची माहिती यांतच जुने शिक्षक बुडालेले. तक्रार रास्त आहे आणि व्यवस्थेनं ती सोडवायलाच हवी. पण इंगरसोल आणि स्ट्राँग यांनी 2011 मध्ये 15 अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा बहुतेकांत आधार मिळालेले नवे शिक्षक जास्त टिकलेले आणि चांगलं शिकवत असलेले दिसले. एवढ्या मोलाची गोष्ट मागून घ्यावी लागली तरी मागावी. आठवड्यातला एक ऑफ तास जुन्या शिक्षकाच्या वर्गात मागे बसून पाहावा. नंतर त्यांना आपल्या वर्गात बोलवावं आणि 'माझा तास कुठे सुटला?' एवढंच विचारावं. शाळा द्विशिक्षकी असेल तर केंद्राच्या शिक्षण परिषदेत शेजारच्या शाळेतला कोणी गाठावा.

पालकांची खरी धास्ती पैशाची असते आणि ती खोटी नाही. अनुदानित व जिल्हा परिषद शाळांत पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. 2023 मध्ये ते वाढलं, तरी प्राथमिकला 16,000 आणि माध्यमिकला 18,000 रुपयेच झालं. अनेक विनाअनुदानित शाळांत त्याहूनही कमी मिळतं. शहरात खोली घेऊन राहणाऱ्याला हे पुरत नाही, म्हणून संध्याकाळी शिकवण्या सुरू होतात, आणि उद्याच्या तासाची तयारी नेमकी तिथंच मरते. पालकांना शक्य असेल तर पहिल्या वर्षी खोलीभाड्याचा भार त्यांनी उचलावा. पदवीनंतरच्या एखाद्या महागड्या कोर्सपेक्षा हा खर्च जास्त कामी येईल. मुलाखतीत मुख्याध्यापकांना विचारावं, वर्गशिक्षकपद पहिल्याच वर्षी देणार का, किती वर्ग शिकवावे लागतील, अडचण आली तर कोणाकडे जायचं. तिसऱ्या प्रश्नावर नाव घेऊन उत्तर मिळालं, तर हजार-दोन हजार कमी असले तरी ती शाळा पत्करावी. आणि एप्रिल येऊनही मानधन थकत असेल, कोणी एकदाही वर्गात डोकावलं नसेल, तर जूनच्या आत दुसऱ्या शाळेत अर्ज करावा. ती शाळा सुटली म्हणून शिकवणं सोडायचं कारण नाही.