धावणारा डॉक्टर आणि मास्तरांचा गॅस

आजवर किती रुग्णांना मी "वजन उतरवा, रोज थोडा व्यायाम करा" असे सांगितले याची गणती नाही. सांगताना स्वतःचे पोट मात्र टेबलाच्या आड राहील अशी काळजी घेत आलो. मागच्या दिवाळीचा फराळ संपल्यावर सौ.च्या आग्रहावरून स्वतःचेच रक्त तपासले. तीन महिन्यांची सरासरी साखर ६.३ निघाली. ही ५.७ च्या खाली असली तर ठीक, ६.५ झाली की मधुमेह. म्हणजे मी उंबरठ्यावर उभा होतो. वजन ८४ किलो. हाच रिपोर्ट एखाद्या रुग्णाचा असता तर त्याला मी अर्धा तास उपदेश केला असता. स्वतःला तेवढा उपदेश करणे जमेना, म्हणून धावायचे ठरवले.

पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला कॅनव्हासचे जुने बूट घालून मूर्तिजापूर रस्त्याला लागलो. विजेचे दोन खांब ओलांडले आणि भाता फुलला. तिसऱ्या खांबाला धरून उभा होतो, तेवढ्यात दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल शेजारी थांबली.

"डागदरसाहेब, कोनी सिरियस हाये काय? बसा मांगं, सोडून देतो."

"अहो, मी व्यायाम करतोय."

"असं काय! मले वाटलं कोनी मांगं लागलं तुमच्या."

दुसऱ्या दिवशी गावात बातमी होती की डॉक्टरांची गाडी बिघडली. चौथ्या दिवशी बातमी पिकली की डॉक्टरांनाच मोठा आजार निघाला आहे. त्या आठवड्यात तीन रुग्णांनी नाडी दाखवण्याआधी माझीच प्रकृती विचारली. बनोसा स्टेशनावरून शकुंतला गाडी धावायची त्या काळात, चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढता येते, असे लोक गमतीने सांगत. ती गाडी बंद पडून काही वर्षे झाली. माझा वेग पाहून चहाच्या टपरीवर "शकुंतला पुन्हा सुरू झाली" असे म्हणू लागले.

काहींनी मात्र गंभीरपणे विचारले, "हे शहरातलं खूळ आपल्याकडं काहून आणता?" त्यांना मी सांगतो की हे खूळ शहराचे नाही. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन धावणारे फडेप्पा चौगुले बेळगावचे. पावणेतीन तासांहून थोडा अधिक वेळ घेऊन ते जगात एकोणिसावे आले. आपल्या अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. २०१३ साली बारामतीच्या शर्यतीत नऊवारी नेसलेल्या लता करे साठी ओलांडल्यानंतर अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. पतीच्या उपचाराचा खर्च समोर होता म्हणून त्या धावल्या. आपल्यामागे तशी निकड नाही. आपण सवडीने, तयारीने धावू शकतो, आणि तसेच धावावे.

किरकोळ दुखणी

पंधरा दिवसांनी मला सोबती मिळाला. निवृत्त शिक्षक, वय ५८, माझे जुने मित्र आणि जुने रुग्ण. त्यांना इथे नुसते मास्तर म्हणतो. दोघांनी मिळून धावणाऱ्याची बहुतेक सगळी दुखणी महिनाभरात अनुभवली.

आधी माझी नडगी दुखू लागली. हाडाच्या आतल्या कडेला बोटभर लांबीची ठणक. कारण साधे. पहिल्या आठवड्यात एक किलोमीटर आणि दुसऱ्यात एकदम चार. हृदय आणि फुप्फुसे लवकर सरावतात, हाडे आणि स्नायूंचे बंध यांना महिने लागतात. उपाय म्हणजे आठ-दहा दिवस धावणे बंद, चालणे चालू, आणि दुखऱ्या जागी कपड्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटे. एकाच बिंदूवर बोट ठेवताच कळ येत असेल, रात्रीही दुखत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. तेव्हा डॉक्टरांना दाखवावे.

मास्तरांची टाच धरली. सकाळी पलंगावरून उतरताना पहिले पाऊल टाकले की "आई गं", चार पावले चालले की बरे. तळव्याचा पट्टा सुजल्याने असे होते. उठण्याआधी पलंगावरच पंजा हातांनी स्वतःकडे ओढून ताण द्यावा. घरातही मऊ चप्पल घालावी. मग माझ्या अंगठ्याचे नख काळे पडले, कारण बूट तंग होते. बूट नेहमी संध्याकाळी घ्यावेत, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे.

एक चूक कोणी करू नये. दुखू नये म्हणून धावण्याआधीच दुखीची गोळी घेणारे मी पाहिले आहेत. दुखणे ही शरीराने वाजवलेली घंटा आहे, गोळीने ती बंद पडते आणि इजा वाढत जाते. शिवाय घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात या गोळ्या मूत्रपिंडाला बाधतात. आपण खारपाण पट्ट्यातले लोक, मूत्रपिंडाच्या तक्रारी आपल्याला नव्या नाहीत. त्यात भर नको.

कुत्रे आणि ऊन

आमचा सर्वांत वेगवान दिवस कुत्र्यांनी घडवून आणला. दोघेही आयुष्यात तसे कधी धावलो नव्हतो. पण ती चूक होती. पळणाऱ्याच्या मागे लागणे हा कुत्र्याचा स्वभाव आहे. थांबावे, हात अंगाशी घ्यावेत, डोळ्याला डोळा न भिडवता हळूहळू मागे सरावे. चावलेच, किंवा नुसते ओरखडले, तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. मिरची, चुना, हळद काहीही भरू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावे. रक्त आले असेल तर लसीशिवाय जखमेत वेगळे इंजेक्शनही लागते. पुढचे डोस दिलेल्या तारखांना घ्यावेत, एकही चुकवू नये. रेबीज एकदा सुरू झाला की त्यावर उपाय नाही.

आपल्या वऱ्हाडात मे महिन्याचे ऊन सर्वांना ठाऊक आहे. उन्हाळ्यात सूर्य वर येण्याआधी घरी परतावे. धावणारा अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, अंग तापले, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्यावे, कपडे भिजवावेत, वारा घालावा आणि लगेच दवाखाना गाठावा. पावसाळ्यात तर काळी मातीच आपल्याला थांबवते. शेतरस्त्यावर शंभर पावले टाकली की प्रत्येक बुटाला शेरभर चिखल. त्या दिवसांत डांबरी रस्ता बरा.

मास्तरांचा गॅस

आता ज्यासाठी हा लेख लिहितो आहे ते सांगतो.

सुरुवातीला मास्तर माझ्या पुढे असत आणि मागे वळून "या डॉक्टर" म्हणत. दोन महिन्यांनी चित्र पालटले. चंद्रभागेच्या पुलाच्या चढावर ते थांबू लागले. छातीवर हात चोळायचे, ढेकर काढायचे आणि म्हणायचे, "तुम्ही व्हा पुढे, मले गॅस धरला." दोन मिनिटांनी त्यांना बरे वाटे आणि ते पुन्हा निघत. मी घरी येऊन सौ.ला सांगत असे, "आज मास्तरांना मागे टाकले." असे पाच दिवस चालले.

सहाव्या दिवशी त्याच चढावर ते म्हणाले, "आज गॅससंगं दाढही ठणकून राह्यली." खाली सपाटीवर आल्यावर दाढ थांबली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला आणि पाठोपाठ शरमही वाटली. यांचे वडील पन्नाशीत अचानक गेले हे मला माहीत होते. मास्तरांचा खर्रा सुटलेला नाही हेही माहीत होते. दवाखान्यात खुर्चीवर बसून एखाद्याने ही हकीकत सांगितली असती तर मी एका मिनिटात ओळखले असते. पण मी त्या वेळी डॉक्टर नव्हतो, शर्यत जिंकणारा होतो.

त्यांना तिथूनच हळूहळू चालवत दवाखान्यात आणले. ईसीजी काढला तर अगदी व्यवस्थित. मास्तर खूश. "पाहा, गॅसच होता." मी म्हटले, "मास्तर, गॅसला पुलाचा चढ कळत नाही. चढावर धरतो आणि थांबल्यावर सोडतो, तो गॅस नव्हे." त्याच दिवशी त्यांना अमरावतीला पाठवले. अँजिओग्राफीत हृदयाची एक मुख्य रक्तवाहिनी बरीच तुंबलेली निघाली. स्टेंट बसवला आणि मास्तर घरी आले.

हे असे का होते? विश्रांतीत हृदयाला रक्त कमी लागते. अरुंद झालेल्या वाहिनीतूनही तेवढे पुरते, म्हणून बसल्या जागी काढलेला ईसीजी चांगला येऊ शकतो. चढावर मागणी वाढली की पुरवठा अपुरा पडतो आणि छाती आवळल्यासारखी, जड किंवा जळजळल्यासारखी होते. कधी हे दुखणे जबड्यात, खांद्यात, डाव्या हातात किंवा पोटाच्या वरच्या भागात जाणवते. मधुमेही आणि स्त्रिया यांना कधी कधी दुखतच नाही, नुसती धाप लागते किंवा गळून गेल्यासारखे होते.

काही वाचक म्हणतील, धावणाऱ्याला हृदयविकार कसा? जिम फिक्स नावाचे एक अमेरिकन लेखक होते. पस्तिशीत ते जाड होते आणि भरपूर सिगारेट ओढत. धावू लागले, सिगारेट सोडली, वजन उतरवले. १९७७ मध्ये धावण्यावर लिहिलेले त्यांचे पुस्तक प्रचंड खपले. १९८४ साली, वयाच्या ५२ व्या वर्षी, धावतानाच त्यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात हृदयाच्या वाहिन्या तुंबलेल्या आढळल्या. त्यांचे वडील ४३ व्या वर्षी हृदयविकारानेच गेले होते. यावरून धावणे वाईट असा अर्थ कोणी काढू नये. नियमित व्यायामाने रक्तदाब, साखर आणि हृदयविकाराचा धोका कमीच होतो. पण धोका कमी होणे वेगळे आणि कवच मिळणे वेगळे.

आज मास्तर डॉक्टरांच्या परवानगीने रोज चालतात. खर्रा सोडला आहे, निदान माझ्यासमोर तरी. माझी सरासरी साखर ५.८ वर आली आणि वजन चार किलोने उतरले. पुलाच्या चढावर आता मी मुद्दाम त्यांच्या मागे राहतो. त्यांना वाटते मी थकतो. वाटू द्या.

ध्यानात ठेवा

१. वय चाळिशीपुढे असेल, रक्तदाब, मधुमेह किंवा तंबाखूची सवय असेल, अथवा वडील-भाऊ ५५ च्या आत किंवा आई-बहीण ६५ च्या आत हृदयविकाराने आजारी झाले असतील, तर धावण्याआधी तपासणी करून घ्या.

२. आधी दहा मिनिटे चाला. मग एक खांब धावा, दोन खांब चाला. असे वीस मिनिटे, दिवसाआड. अंतर आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नका.

३. धावताना सोबत्याशी कापसाच्या भावाबद्दल पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. येत नसेल तर वेग कमी करा. धावणे नको असेल तर आठवड्यात दीडशे मिनिटे भरभर चालणेही पुरते.

४. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर खिशात साखर किंवा गूळ ठेवा. थरथर, घाम, भोवळ वाटताच थांबून खा. घरी आल्यावर तळपाय पाहा.

५. श्रमाने छाती, जबडा किंवा हात दुखला, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, चक्कर आली, तर त्या दिवसापासून धावणे बंद. विश्रांतीने बरे वाटले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ईसीजी चांगला आला तरी ही हकीकत सांगायला विसरू नका.

६. बसल्या जागीही दुखणे थांबत नसेल, घाम फुटत असेल, तर १०८ ला फोन करा. स्वतः मोटारसायकल चालवत दवाखान्यात येऊ नका.