स्पर्धेतील शोध आणि गावाचे दप्तर

काही वर्षांपूर्वी एका शासकीय योजनेची माहिती देण्यासाठी एका अवर्षणप्रवण गावाच्या ग्रामसभेस उपस्थित राहण्याचा योग आला होता. योजनेविषयीचे बोलणे संपल्यावर मागच्या बाजूस बसलेले एक वृद्ध शेतकरी उठून म्हणाले, "साहेब, दोन वर्सांमागं कालेजची पोरं आली हुती. दोरी सोडून समद्या विहिरी मोजल्या. पोरास्नी बक्षीसबी मिळालं म्हनं. पर आमच्या विहिरीत पानी किती हाय, ते आमाला कुनी सांगितलंच न्हाई."

सभेत थोडा हशा पिकला. परंतु त्या वृद्धाच्या प्रश्नाला उत्तर मात्र कोणापाशीच नव्हते. विद्यार्थ्यांनी परिश्रम केले होते, त्यांच्या प्राध्यापकांनी मार्गदर्शन केले होते, परीक्षकांनी गुणांची योग्य कदरही केली होती. केवळ ज्या गावाने आपल्या विहिरी दाखविल्या, त्या गावालाच निष्कर्ष कळला नव्हता. विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी भरणाऱ्या पर्यावरणविषयक परिषदा व स्पर्धा यांचा विचार करताना हा प्रश्न दृष्टीआड करून चालणार नाही.

परिषदांची परंपरा

पर्यावरणाच्या प्रश्नावर जगातील राष्ट्रे प्रथमच एकत्र आली ती १९७२ च्या जून महिन्यात, स्वीडनमधील स्टॉकहोम येथे. त्या परिषदेत भारताच्या तत्कालीन पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी यांनी १४ जून रोजी भाषण केले. दारिद्र्याचा प्रश्न वगळून पर्यावरणाचा विचार करता येणार नाही, ही भूमिका त्यांनी जगापुढे मांडली. परिषदेच्या प्रारंभाचा दिवस, म्हणजे ५ जून, हा पुढे जागतिक पर्यावरण दिन ठरला. योगायोग असा की, महाराष्ट्र त्याच वर्षी भीषण दुष्काळाला तोंड देत होता आणि राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही १९७२ सालीच स्थापन झाली. स्टॉकहोममधील चर्चा आणि आपल्याकडील कोरडी विहीर यांमधील नाते तेव्हापासूनचे आहे.

१९९२ साली ब्राझीलमधील रिओ दि जानिरो येथे जी परिषद भरली, तिने स्वीकारलेल्या कार्यक्रमपत्रिकेत बालके व युवक यांच्या सहभागाला एक स्वतंत्र प्रकरण देण्यात आले. हवामान बदलाविषयीची राष्ट्रांची वार्षिक परिषद भरण्यापूर्वी युवकांची स्वतंत्र परिषद घेण्याचा प्रघात २००५ मध्ये कॅनडातील मॉन्ट्रिअल येथे सुरू झाला. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये इटलीतील मिलान येथे निरनिराळ्या देशांतील सुमारे चारशे युवक अशाच विचारविनिमयासाठी एकत्र आले होते. अशा रीतीने विद्यार्थी हा केवळ श्रोता न राहता परिषदेचा एक घटक बनला आहे.

वर्गातून जागतिक न्यायालयापर्यंत

विद्यार्थ्यांनी केवळ चर्चा करून काय साधणार, अशी शंका अनेकदा घेतली जाते. त्या शंकेला प्रशांत महासागरातील एका लहानशा द्वीपराष्ट्राने उत्तर दिले आहे. व्हानुआटू येथे साउथ पॅसिफिक विद्यापीठाचे विधी विषयाचे वर्ग चालतात. २०१९ साली तेथील सत्तावीस विद्यार्थ्यांनी एक कल्पना मांडली. हवामान बदलापासून संरक्षण देण्याबाबत राष्ट्रांची कायदेशीर कर्तव्ये कोणती, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारावे, अशी ती कल्पना होती. वर्गातील चर्चा तेथेच न थांबविता त्यांनी प्रशांत महासागरातील शासनांना पत्रे लिहिली. व्हानुआटूच्या शासनाने हा विषय उचलून धरला. २९ मार्च २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेने १३० हून अधिक देशांच्या पुरस्काराने आलेला तत्संबंधीचा ठराव एकमताने संमत केला. हेग येथील न्यायालयाने २३ जुलै २०२५ रोजी आपले सल्लागार मत एकमताने दिले. हवामानाचे रक्षण करणे हे राष्ट्रांचे आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार कर्तव्य आहे आणि त्याचा भंग झाल्यास त्या राष्ट्रावर जबाबदारी येते, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

हे यश वक्तृत्वाचे नव्हे. विद्यार्थ्यांनी एक नेमका प्रश्न निवडला, तो कोणापुढे मांडावयाचा हे ठरविले आणि सहा वर्षे त्याचा पाठपुरावा केला. प्रश्नाचा नेमकेपणा, योग्य व्यासपीठ आणि चिकाटी या तीन गोष्टी आपल्या विद्यार्थ्यांनीही घेण्याजोग्या आहेत.

मोजमापाची कसोटी

स्पर्धा कशी असावी, याचा एक चांगला नमुना म्हणजे 'सोलर डेकॅथलॉन' ही विद्यापीठीय विद्यार्थ्यांची स्पर्धा होय. ती प्रथम २००२ साली अमेरिकेत वॉशिंग्टन येथे भरली. विद्यार्थ्यांनी सूर्यशक्तीवर चालणारे घर प्रत्यक्ष बांधावयाचे आणि दहा निकषांवर त्याची परीक्षा द्यावयाची, असे तिचे स्वरूप ठरले. घरातील तापमान सुखावह राहते काय, पुरेसे गरम पाणी मिळते काय, जितकी वीज वापरली तितकी निर्माण झाली काय, हे सर्व उपकरणांनी मोजले जाते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील 'टीम शून्य' हा विद्यार्थ्यांचा संघ २०१४ साली फ्रान्समधील व्हर्साय येथे या स्पर्धेच्या युरोपीय आवृत्तीत उतरला. तीत भाग घेणारा तो पहिला भारतीय संघ होता. आता भारतातही याच नावाची स्पर्धा महाविद्यालयीन संघांसाठी घेतली जाऊ लागली आहे.

येथे सुभाषितांना गुण नाहीत, गुण आहेत ते मोजमापाला. घोषवाक्ये, प्रभातफेऱ्या व निबंध यांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. तथापि पदवीच्या विद्यार्थ्याकडून समाजाची अपेक्षा याहून अधिक असणे स्वाभाविक आहे.

आपल्या राज्यातील संधी

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एका जनहित याचिकेत पर्यावरणाचे शिक्षण सर्व स्तरांवर दिले जावे, असा आदेश दिला. त्यानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अनिवार्य अभ्यासक्रम तयार केला. या अभ्यासक्रमाचे पाठ्यपुस्तक पुण्याचे डॉ. इराक भरूचा यांनी लिहिले. क्षेत्रभेट व प्रत्यक्ष पाहणी हा त्याचा भाग आहे. म्हणजे वाणिज्य वा कला शाखेचा विद्यार्थीदेखील गावातील ओढा, गायरान किंवा कचऱ्याचा ढीग यांचा अभ्यास करू शकतो, किंबहुना त्याने तो करावा अशीच अपेक्षा आहे.

महाराष्ट्रात राज्यपालांच्या, अर्थात विद्यापीठांच्या कुलपतींच्या, पुढाकाराने सुरू झालेले 'आविष्कार' हे आंतरविद्यापीठीय संशोधन संमेलन सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांना खुले आहे. भित्तिपत्रक वा प्रतिकृती मांडणे आणि त्यानंतर परीक्षकांपुढे तोंडी निवेदन करणे, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप आहे. मानव्यविद्या, विज्ञान, कृषी, अभियांत्रिकी इत्यादी विभागांपैकी कोणत्याही विभागात पर्यावरणाचा विषय मांडता येतो. १९६९ साली आरंभ झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची विशेष शिबिरे गावातच होतात. विषय शोधण्यासाठी याहून चांगली संधी नाही. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक संस्थांनी लोकांच्या साहाय्याने ठेवावयाच्या जैवविविधता नोंदवहीच्या कामातही वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांची मोठी मदत होऊ शकते.

मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. जेथे केवळ शुल्क भरताच निबंध स्वीकारला जातो, परीक्षक कोण हे कळत नाही व चर्चेला वेळ दिला जात नाही, अशा परिषदांपासून विद्यार्थ्यांना दूर ठेवणे हे प्राध्यापकांचे कर्तव्य आहे. तेथे प्रमाणपत्र मिळते, विद्या मिळत नाही.

एक वस्तुपाठ

विषय कसा निवडावा, हे एका उदाहरणाने पाहू. 'पाणी हेच जीवन' हा निबंधाचा विषय झाला, अभ्यासाचा नव्हे. 'आमच्या गावातील पिण्याच्या पाण्याच्या विहिरीची पातळी दिवाळीपासून अक्षय्यतृतीयेपर्यंत किती खाली जाते व का?' हा अभ्यासाचा विषय झाला.

आता साधे गणित करू. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडते. समजा, गावाचे क्षेत्र ५०० हेक्टर असून वर्षात ६०० मिलिमीटर पाऊस झाला. तर गावाच्या शिवारात ३०० कोटी लिटर पाणी पडले. गावाची लोकसंख्या २,००० धरली आणि जलजीवन मिशनच्या मानकाप्रमाणे माणशी दररोज ५५ लिटर पाणी धरले, तर वर्षाची घरगुती गरज सुमारे ४ कोटी लिटर होते. म्हणजे पडलेले पाणी या गरजेच्या सुमारे ७५ पट आहे. मग वैशाखात टँकर का बोलवावा लागतो? किती पाणी वाहून गेले, किती वाफ होऊन गेले, किती मुरले, जनावरांना किती लागले आणि कोणत्या पिकाने किती घेतले? खरा अभ्यास येथून सुरू होतो.

यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एक मोजपट्टी, तिच्या टोकाला बांधलेले वजन, एक पर्जन्यमापक आणि एक वही पुरेशी आहे. पातळी नेहमी त्याच विहिरीच्या काठावरील त्याच खुणेपासून मोजावी. कठड्याची जमिनीपासूनची उंची वजा करावी. पंप सुरू होण्यापूर्वी, सकाळच्या ठराविक वेळी मोजमाप घ्यावे. तारीख, वेळ व मोजणाऱ्याचे नाव वहीत लिहावे. एखाद्या आठवड्यात मोजमाप चुकले, तर ती जागा रिकामी ठेवावी. अंदाजाने आकडा भरू नये. रिकाम्या जागेमुळे फार तर दोन गुण कमी होतील, परंतु खोट्या आकड्यामुळे सारी वहीच निरुपयोगी ठरते. भूजल यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. त्या नोंदींशी आपल्या नोंदी ताडून पाहाव्यात.

असा हिशेब गावाला किती उपयोगी पडतो, याची साक्ष अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार देते. पाऊस व विहिरींची पातळी मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवावयाचा आणि त्यावरून पिके ठरवावयाची, ही पद्धत तेथे रुजली. शेजारच्या महाविद्यालयाने मनावर घेतल्यास अन्य गावांतही ताळेबंदाचा आरंभ विद्यार्थ्यांच्या वहीतून होऊ शकेल.

तिघांची जबाबदारी

या कामी ग्रामपंचायत, शिक्षक व अधिकारी या तिघांचे साहाय्य अपेक्षित आहे. विद्यार्थी गावात आले असता त्यांना गावाचा नकाशा, पीकपाण्याच्या नोंदी व पाणीपुरवठ्याचे तपशील पाहावयास द्यावेत. कोणाच्याही विहिरीवर जाण्यापूर्वी मालकाची संमती मिळवून देण्याचे काम सदस्यांनी करावे. पाण्याचा विषय नाजूक असतो. म्हणून भित्तिपत्रकावर शेतकऱ्यांची नावे न घालता विहिरींना क्रमांक द्यावेत, हे शिक्षकांनी पाहावे. तालुका पातळीवरील अधिकाऱ्यांनी आपल्या कार्यालयातील आकडेवारी विनासायास उपलब्ध करून द्यावी आणि विद्यार्थ्यांचे निष्कर्ष गैरसोयीचे असले तरी ते शांतपणे ऐकून घ्यावेत.

शेवटची व सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे अभ्यास गावाकडे परत आला पाहिजे. स्पर्धेत पारितोषिक मिळो वा न मिळो, निष्कर्षांचे एक पानी, सोप्या मराठीतील टिपण विद्यार्थ्यांनी १ मे किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचून दाखवावे. नोंदवहीची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी जमा करावी, म्हणजे पुढील वर्षीची तुकडी तेथूनच पुढे काम करील. एका वर्षाची वही ही केवळ माहिती असते, दहा वर्षांच्या वह्या ही गावाची संपत्ती ठरते. महाविद्यालयांनी अशा वाचनाचा दाखला आणल्याखेरीज प्रकल्प पूर्ण झाल्याचे मानू नये, असा नियमच करावयास हरकत नाही. त्यासाठी ना अनुदान लागते, ना नवा आदेश.

भित्तिपत्रके सायंकाळी उतरविली जातात, मानचिन्हे कपाटात जातात. त्या वृद्ध शेतकऱ्याला यांपैकी काहीच नको होते. आपल्या विहिरीत पाणी किती आहे, एवढेच त्याला हवे होते. पुढील स्पर्धेसाठी गावात येणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्रथम ते त्याला सांगावे आणि मग परीक्षकांना सांगावयास जावे.