धाकट्या खेळाची जागा

आपल्या शाळेच्या मैदानावर सायंकाळीं कोणी येऊन उभा राहिला, तर त्यास प्रथम क्रिकेटच्या फळीचा आवाज ऐकूं येईल, त्यामागून कबड्डीचा दम. आणि निंबाच्या झाडापलीकडे, कोपऱ्यांत, दोन लांकडी खांब दिसतील. त्यांच्या आसपास बहुधा शेळ्या चरत असतात. ते खो-खोचे खांब होत. ते आम्हींच रोंवले असल्यामुळें त्यांजविषयीं चार शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हांस पोंचतो असें वाटतें.

क्रिकेट हा पाहुणा खरा, परंतु कबड्डी व खो-खो हीं एकाच घरचीं भावंडें. दोहोंत पाठलाग आहे, चकविणें आहे, आणि स्पर्श झाला कीं बाद होणें आहे. म्हणूनच मुलगा सरळ विचारतो, "सर, कबड्डी असतांना हें आणखी कशाला?" परक्या खेळाविषयीं असा प्रश्न कोणी करीत नाहीं, तो सख्ख्या भावाविषयींच होतो. थोरला खेळ सर्वत्र रुजलेला असतां त्याचाच धाकटा भाऊ शाळेंत आणि गांवांत कसा वाढवावा, याचा विचार करतां करतां आम्ही इंग्लंडच्या एका जुन्या भांडणापर्यंत जाऊन पोंचलों. तें भांडण प्रथम सांगतों.

रग्बी हा चेंडू हातीं घेऊन धांवण्याचा खेळ तेथील श्रीमंतांच्या शाळांतून निघाला. पण उत्तरेकडील यॉर्कशायर व लँकशायर या परगण्यांत तो गिरणीकामगारांनीं आणि कोळशाच्या खाणींतील मजुरांनीं उचलला. सामने शनिवारीं होत, आणि शनिवारीं दुपारपर्यंत तर काम असे. दूरच्या गांवीं खेळावयास जावें तर मजुरी बुडे. क्लबांनीं मागणी केली कीं, खेळाडूंस पगार नको, बुडालेली मजुरी तेवढी भरून देऊं द्या. 1893 साली लंडन येथील सभेंत रग्बी युनियननें ही मागणी फेटाळली. शेवटीं 29 ऑगस्ट 1895 रोजीं हडर्सफील्ड गांवच्या जॉर्ज हॉटेलांत उत्तरेकडील क्लबांनीं निराळी संस्था काढली, आणि पहिल्याच हंगामांत तिच्याकडे 22 क्लब खेळले. हीच पुढें 1922 साली रग्बी लीग या नांवानें प्रसिद्धीस आली.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. आरंभीं दोन्हीं खेळांचे नियम एकच होते. भांडण खेळाचें नव्हतें, मजुराच्या दिवसाचें होतें. नियम मागाहून बदलले. 1906 साली पंधरांचे तेरा खेळाडू केले, आणि पकडलेल्या गड्यास उठून चेंडू टांचेनें मागें देण्याची मुभा दिली, त्यामुळें गर्दी कमी होऊन खेळ मोकळा झाला. धाकट्या खेळास स्वतःचें रूप आलें तें असें, अकरा वर्षांनंतर.

थोरल्या खेळानें मात्र धाकट्यास फार दिवस क्षमा केली नाहीं. एकदां लीगमध्यें खेळलेल्या गड्यास युनियनचें दार बहुधा कायमचेंच बंद होई. अखेर 1995 साली, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनीं, युनियननें स्वतःच खेळाडूंस मोबदला घेण्याची परवानगी दिली! ज्या एका मुद्द्यावरून घर दुभंगलें तो मुद्दा सुटला, पण तोंपर्यंत घरें दोन झालीं होतीं तीं दोनच राहिलीं.

रग्बी आपल्या देशांतही फार पूर्वीं आली. 1872 च्या नाताळाच्या दिवशीं कलकत्त्यास सामना झाला आणि पुढें तेथें क्लब निघाला. परंतु थोड्याच वर्षांत तो मोडला, तेव्हां सभासदांनीं शिल्लक राहिलेले चांदीचे रुपये वितळवून एक चषक घडविला व तो इंग्लंडास धाडला. इंग्लंड व स्कॉटलंड आजही त्या चषकासाठीं झुंजतात. चषक राहिला, क्लब गेला. मुंबईस जिमखान्यांत हा खेळ टिकला, पण आमच्या तापीकांठच्या खेड्यांत त्याचें नांवही बहुतेकांस ठाऊक नाहीं. पैसा व मैदान असूनही खेळ कुंपणाच्या आंतच राहूं शकतो, याचा हा दाखला.

आतां खो-खोकडे वळूं. या खेळास नियमांची चौकट पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें 1914 पासून घालण्यास आरंभ केला. नऊ गडी एका पक्षाचे. त्यांपैकीं आठ मधल्या रेषेवर एकाआड एक उलट दिशांकडे तोंडें करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. त्यास मागें फिरण्याची मोकळीक नाहीं, बसलेल्यांमधून पलीकडे जाण्याचीही नाहीं. पलीकडे जावयाचें तर खांबाला वळसा घालावा, नाहीं तर बसलेल्या गड्यास पाठीमागून 'खो' देऊन आपण त्याच्या जागीं बसावें. एकट्याच्या बळाला या खेळांत फारच थोडा वाव आहे. जो मुलगा आपली धांव योग्य क्षणीं दुसऱ्याच्या स्वाधीन करूं शकतो तोच येथें चांगला. कबड्डीचा चढाईपटू कितीही गुणी असला तरी त्यास ही संवय लावून घ्यावी लागते. आम्हीं तीं मुलें पाहिलीं आहेत, खो देण्याऐवजीं तीं आणखी दोन पावलें धांवतात आणि गडी निसटतो. "कशाला?" या प्रश्नाचें आमचें उत्तर एवढेंच आहे.

खर्च म्हणाल तर दोन खांब आणि चुना. चेंडू नको, फळी नको, जाळें नको. अक्कलकुवा किंवा धडगांवकडील पाड्यांवरून आलेलीं मुलें चढणीच्या वाटांवर वाढलेलीं असतात. त्यांचा दम व त्यांचे पाय पाहिले कीं हा खेळ त्यांच्यासाठींच निघाला असावा असें वाटूं लागतें. तरीही आमचा संघ दोन वर्षें उभा राहिला नाहीं. दोष मुलांचा नव्हता.

पहिली चूक आम्हीं अशी केली कीं, जो कबड्डीच्या संघांत असेल त्यानें खो-खोंत नांव देऊं नये असा नियम घातला. धाकट्याला स्वतःचीं माणसें असावींत, हा त्यामागील हेतु. झालें काय, कीं ज्या मुलांस निवड करावी लागली त्यांनीं थोरल्यासच निवडलें, आणि आमच्याकडे कबड्डींतून गळालेले तेवढे आले. 1895 नंतर युनियननें जें कुंपण सत्तेच्या बळावर घातलें, तेंच आम्हीं दुबळ्या बाजूस उभे राहून घातलें. याहून वेडेपणा कोणता? दुसऱ्या वर्षीं नियम काढला. सोमवार-गुरुवार खो-खो, बाकी दिवस कबड्डी, आणि खेळाडू दोहोंकडे तेच.

दुसरी चूक अधिक खोल होती व ती उमगण्यास उशीर लागला. आपल्या भागांतील काळी जमीन पावसाळ्यांत पायाला चिकटते; खो-खोस ती निरुपयोगी. म्हणून आम्हीं सराव दिवाळीनंतर, जमीन वाळल्यावर, ठेविला. आणि दिवाळीनंतरच ऊसतोडीचा हंगाम लागतो. नंदुरबार जिल्ह्यांतील कितीतरी आदिवासी कुटुंबें त्या सुमारास गुजरातेंत व इतरत्र कामास जातात. जीं मुलें वसतिगृहांत राहतात तीं टिकतात, बाकीचीं आईबापांबरोबर निघतात. आमच्या यादींतील तीन उत्तम धांवणारे मुलगे एका आठवड्यांत दिसेनासे झाले. आम्हीं त्यांचीं नांवें खोडलीं व पुढें "अनियमित" असा शेरा मारला. लाल शाईनें. ती वही अद्याप आमच्याजवळ आहे. हडर्सफील्डच्या मजुराचा शनिवार ज्यांना दिसला नाहीं त्यांस आम्ही कोणत्या तोंडानें नांवें ठेवावीं?

मुलींचेंही तसेंच. जानेवारी 2025 मध्यें नवी दिल्लीस खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा झाली. त्यांत भारताच्या पुरुषांनीं व महिलांनीं नेपाळास हरवून दोन्हीं अजिंक्यपदें मिळविलीं, आणि दोन्हीं संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. वर्गांत ही बातमी सांगितली तेव्हां मुलींच्या रांगेंतून टाळ्या जोरानें पडल्या. पण सायंकाळचा सराव म्हटला कीं त्यांपैकीं निम्म्या घरीं जात. पाणी भरावयाचें, धाकट्या भावंडांस सांभाळावयाचें. सायंकाळ हा वेळ आमच्या सोयीचा होता, त्यांच्या नव्हे. मधल्या सुटीनंतरचा तास दिल्यापासून मुलींचा संघ पुरा भरतो; गणिताच्या शिक्षकांनीं थोडी कुरकुर केली, ती अद्याप चालूं आहे.

यंदा गांवच्या दोन पालकांनीं ट्रॅक्टरनें मुरूम आणून दिला. तो निंबाजवळच्या पट्ट्यावर पसरून, पाणी मारून, मुलांनींच धुमसानें दाबला. मुरमावर पाणी सांचत नाहीं, त्यामुळें जुलैपासून दिवाळीपर्यंत सराव होऊं शकला, आणि वर्गावर्गांतील सामने ऊसतोडीस निघण्यापूर्वींच उरकले. पट्टा लांबीस थोडा आंखूड पडतो, तरी खांब त्यावर आणून रोंविले आहेत. जीं कुटुंबें होळीस गांवीं परततात त्यांच्या मुलांकरितां त्या आठवड्यांत दुसरी फेरी ठेविली असून, वहींत तिची यादी कोरी सोडली आहे. लाल शाईची दौत आम्हीं कार्यालयांत परत केली.